शेवटचा रिलीज कधी आला?

सॉफ्टवेअरच्या कामासाठी टूल निवडायची मीटिंग असली की हल्ली आधी एक शीट बनते. डावीकडे टूलची नावं, वर कॉलम, किंमत किती, लायसन्स कुठलं, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्टार किती, आणि हमखास एक कॉलम "शेवटचा रिलीज कधी", म्हणजे नवीन व्हर्जन शेवटचं कधी आलं. त्या कॉलमला रंग लावलेले असतात, महिन्याभरात रिलीज आला असेल तर हिरवा, सहा महिने झाले असतील तर पिवळा, वर्ष उलटलं की लालभडक. आणि लाल दिसलं की कोणीतरी म्हणतंच, "अरे हे तर बंद पडलेलं दिसतंय, सोडा." विषय संपला, पुढची रो.

मला त्या कॉलमचा राग येतो. माहिती म्हणून असू दे, पण त्यावरून मार्क द्यायचे म्हणजे अतीच होतं. किती वेळा अपडेट येतं यापेक्षा पुढचं कधी येणार हे आधीच माहितीये का, आणि मी अपडेट नाही केलं तर जुनं किती दिवस सांभाळणार, हे दोन प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात, आणि नेमके तेच शीटमध्ये नसतात. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहून काढतेय, लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरपासून सुरू करू कारण ते सगळ्यांकडे असतं. १.० आलं एप्रिल २०१६ मध्ये आणि त्यानंतर वर्षानुवर्षं महिन्याला एक रिलीज हा त्यांचा नेम होता. खाली डाव्या कोपऱ्यात गिअरच्या आयकॉनवर छोटा निळा ठिपका येतो, रीस्टार्ट केलं की रिलीज नोट्सचा टॅब स्वतःहून उघडतो, त्यात हलणारी चित्रं, लांबलचक यादी, आणि आपण तो टॅब न वाचता बंद करतो. खरं सांगा, वाचता का? मी वरचे दोन-तीन मुद्दे वाचते आणि बाकी स्क्रोल. पण त्यांची एक सवय मला फार आवडायची, ती म्हणजे वर्ष संपताना ते नवीन फीचरचं काम थांबवून साठलेले इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या, निपटायला बसायचे, त्यामुळे वर्षाला बाराच्या ऐवजी साधारण अकराच रिलीज भरायचे. शीटवाल्याच्या हिशोबाने तो महिना वाया गेला. माझ्या हिशोबाने तोच महिना सगळ्यात कामाचा, कारण हजारो उघडे इश्यू असलेल्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी शांतपणे बसून "हा डुप्लिकेट, हा झालेला, हा करणार नाही" असं करणं ही चैन नाहीये, ते करावंच लागतं.

आता त्याच महिन्याला येणाऱ्या अपडेटचं क्लायंटच्या लॅपटॉपवर काय व्हायचं ते बघा. ज्यांनी ओडीसीमध्ये, म्हणजे एकाच परदेशी क्लायंटसाठी राखलेल्या ऑफिसात, काम केलंय त्यांना सांगायला नको. ॲडमिन राइट्स नाहीत, काही इन्स्टॉल करायचं तर तिकीट टाका, तिकिटाला मॅनेजरचं अप्रूव्हल, मग क्लायंटच्या सिक्युरिटीवाल्यांचं अप्रूव्हल, मग पॅकेजिंगवाली टीम, आणि व्हर्जन तुमच्या मशीनवर येईपर्यंत त्याच्यानंतरची तीन बाहेर आलेली. एका क्लायंटकडे तर मंजूर झालेलं व्हर्जन इतकं जुनं होतं की आम्हाला हव्या असलेल्या एक्सटेन्शनने (एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) "हे एडिटर फार जुनं आहे" म्हणून चालायलाच नकार दिला, आणि एक्सटेन्शनचं जुनं व्हर्जन टाकायला परत वेगळं तिकीट. व्हीएस कोडने २०१८ मध्ये विंडोजसाठी ॲडमिन राइट्स न लागणारा यूझर इन्स्टॉलर काढला तेव्हा कोणीतरी आपलं ऐकलं असं वाटलं होतं, पण कंपनीने तोही ब्लॉक केला तर काय करणार. म्हणजे टूल महिन्याला अपडेट देत होतं हे खरं, पण माझ्यापर्यंत ते वर्षातून एकदा पोचत होतं. मग त्या शीटमध्ये मी नक्की कुठला आकडा लिहू?

हा वाद काही नवा नाही. फायरफॉक्सचं २०११ आठवतंय का? त्याआधी ३.५, ३.६ असं निवांत चाललं होतं, ४ आलं मार्च २०११ मध्ये, आणि मग क्रोमच्या वेगाला तोंड द्यायचं म्हणून यांनी दर सहा आठवड्यांनी रिलीज सुरू केला. जूनमध्ये ५, आणि डिसेंबर येईपर्यंत ९! एका वर्षात सहा मोठे आकडे. दर वेळी कुठलं तरी ॲड-ऑन बंद पडायचं, आणि ऑफिसांमधली आयटीची माणसं वैतागली कारण त्यांना प्रत्येक व्हर्जन तपासून मग हजार मशीनवर टाकायचं असतं, ते तपासून होईपर्यंत पुढचं हजर. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ईएसआर जाहीर केलं, म्हणजे साधारण वर्षभर तेच व्हर्जन आणि त्यात फक्त सिक्युरिटीची दुरुस्ती. पुढे २०२० मध्ये त्यांनी सहाचे चार आठवडे केले, क्रोमनेही २०२१ मध्ये चार केले, पण क्रोमने त्याच वेळी आठ आठवड्यांचा वेगळा एक्सटेंडेड चॅनलही ठेवला. वेग वाढवायचा तर मागे राहणाऱ्यांसाठी हळू चालणारी सोय ठेवावी लागते, हे दोघांनाही कळलेलं होतं.

मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे रस्ट आणि गो या प्रोग्रामिंगच्या भाषांची, कारण दोघांचा वेग अगदी वेगळा आणि तरी दोघंही भरवशाचे. रस्ट दर सहा आठवड्यांनी येतं, १५ मे २०१५ ला १.० आल्यापासून हा नेम चालू आहे. ते लोक स्वतःच याला ट्रेन म्हणतात, आणि आपल्याला मुंबईच्या लोकलवरून ते लगेच कळतं, ८:१२ चुकली तर काय बिघडलं, मागे दुसरी आहेच, दारात लोंबकळत जायची गरज नाही. फीचर तयार नसेल तर ते या रिलीजमध्ये जात नाही, पुढच्यात जातं, आणि सहा आठवडेच थांबायचंय म्हटल्यावर अर्धवट काम घाईने कोंबायचा मोह होत नाही. रोज रात्री बनणाऱ्या नाइटलीमधून चाचणीच्या बीटात, बीटामधून सगळ्यांसाठीच्या स्टेबलमध्ये असा तो प्रवास. आणि भाषेत मोडतोड करणारे बदल हवे असतील तर ते एडिशनमध्ये, २०१५, २०१८, २०२१, २०२४, आणि तुम्ही जुन्याच एडिशनवर राहिलात तरी नवीन कंपायलर (कोड मशीनला कळेल असा करणारा प्रोग्राम) तुमचा कोड घेतो.

गो त्याच्या उलट. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्ट. सहा महिन्यांतले साधारण तीन महिने नवीन काम आणि पुढचे तीन महिने फ्रीज, म्हणजे फक्त बग काढायचे. आणि २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हाच त्यांनी लिहून दिलेलं की गो १ साठी लिहिलेला प्रोग्राम पुढेही चालत राहील. हे वचन ते किती मनावर घेतात ते बघायचं तर १.२२ बघा, फेब्रुवारी २०२४. फॉर लूपमधल्या व्हेरिएबलची ती कुप्रसिद्ध भानगड, प्रत्येक फेरीला तेच व्हेरिएबल वापरलं जायचं आणि गोरूटीनमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये) सगळीकडे शेवटचीच व्हॅल्यू दिसायची, ती त्यांनी शेवटी बदलली. पण कशी, तर तुमच्या गो-मॉड फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) १.२२ किंवा पुढचं लिहिलं असेल तरच नवीन वागणूक, नाहीतर जुनीच. इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न विचारून पोरांना गारद करणाऱ्यांची तेवढी पंचाईत झाली.

आता हे दोन त्या शीटमध्ये टाका. रस्ट वर्षाला आठ-नऊ, गो दोन. मग रस्ट चौपट चांगलं का? काहीच अर्थ नाही या तुलनेला.

जावाचं वेगळंच. जावा ६ आलं २००६ च्या डिसेंबरात, ७ आलं जुलै २०११ मध्ये, ८ मार्च २०१४, ९ सप्टेंबर २०१७. तेव्हा तारीख फीचरवर ठरायची, म्हणजे ठरवलेलं मोठं काम झालं की रिलीज. जिगसॉ नावाचं ते मॉड्यूलचं, म्हणजे जावाचे सुटे भाग करायचं काम आधी ७ मध्ये येणार होतं, मग ८ मध्ये, आणि शेवटी आलं ९ मध्ये, आणि ९ पण त्याच्यापायी लांबलं. मग त्यांनीही पद्धत बदलली, मार्च २०१८ ला जावा १० आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक, मार्च आणि सप्टेंबर, तारीख ठरलेली. ऐकायला किती छान. पण आमच्याकडे काय झालं? कोणीही १० वापरलं नाही, १२ वापरलं नाही, १३, १४, १५, १६ ही नावंसुद्धा कोणाच्या तोंडी नसायची. सगळे ८ वरून ११ वर उडी, ११ वरून १७, १७ वरून २१, कारण एलटीएस, म्हणजे वर्षानुवर्षं सपोर्ट मिळणारी व्हर्जन, तेवढीच. आणि खरं बोलायचं तर ८ वरून हलायलाही बऱ्याच जणांना जावाने नाही, स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कने हलवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं आणि त्याला जावा १७ लागतंच, वर जावाएक्स नावाच्या पॅकेजेसचं नाव जकार्ता झालेलं, म्हणजे इम्पोर्टच्या ओळी सगळ्या प्रोजेक्टभर बदला. तोपर्यंत "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणणारे मॅनेजर एकदम जागे झाले. त्यामुळे जावा वर्षाला दोन रिलीज देतं की चार देतं याने आमच्या आयुष्यात काडीचा फरक पडला नाही, एलटीएस किती वर्षांनी येते यानेच पडला. २०२१ च्या १७ पर्यंत ती तीन वर्षांनी यायची, नंतर दोन, म्हणून २१ आलं २०२३ मध्ये आणि २५ आलं २०२५ मध्ये.

बरं, रिलीज मोजायचा म्हटलं तरी रिलीज कशाला म्हणायचं? विम हा जुना टेक्स्ट एडिटर घ्या. ७.४ आलं ऑगस्ट २०१३ ला, ८.० सप्टेंबर २०१६ ला. तीन वर्षं काही नाही, शीटमध्ये लालभडक. पण मधल्या काळात पॅच (छोट्या दुरुस्त्या) येतच होते, प्रत्येकाला नंबर, आणि ८.२ च्या वेळी तर ९.० निघेपर्यंत पाच हजारांवर पॅच झाले होते. म्हणजे विम एकतर तीन वर्षांतून एकदा अपडेट होतं किंवा दिवसातून दोन-चारदा, तुम्ही कसं मोजता त्यावर आहे. दुसरीकडे रिॲक्ट, १८.२ आलं जून २०२२ मध्ये आणि त्यापुढचं स्टेबल, १८.३, एप्रिल २०२४ मध्ये. जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी फ्रंटएंड (वेबसाइटचा दिसणारा भाग बनवायची) लायब्ररी, आणि जवळजवळ दोन वर्षं स्टेबल रिलीजच नाही. काम चालू नव्हतं का? धडाक्यात चालू होतं, स्टेबलच्या आधीच्या कॅनरी चॅनलवर बिल्ड येत होते आणि रिॲक्टवर बांधलेली नेक्स्ट जेएससारखी फ्रेमवर्क ते कॅनरी बिल्ड आत घालून लोकांपर्यंत पोचवत होती. मला ते फारसं पटलं नव्हतं, पण शीटवाल्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

अजून एक गंमत. नेटवरून डेटा आणायचं टूल कर्ल साधारण आठ आठवड्यांनी येतं, शिस्तीत. २० मार्च २०२३ ला कर्लला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या मुहूर्तावर ८.०.० काढलं. त्यात क्रॅश होणारा बग निघाला आणि त्याच दिवशी ८.०.१ काढावं लागलं. म्हणजे एका दिवसात दोन रिलीज. वारंवारतेवर मार्क द्यायचे तर बगमुळे कर्लचे मार्क वाढले! अर्थात बग त्याच दिवशी काढला ही कौतुकाचीच गोष्ट आहे, पण ते कौतुक त्या आकड्यात बसत नाही.

आणि मग ती टूल आहेत ज्यांना अपडेटची गरजच नाही किंवा असली तरी अगदी थोडी. छपाईची मांडणी करायच्या टेक्सचं व्हर्जन पायच्या किमतीकडे सरकत जातं, दर दुरुस्तीला एक आकडा वाढतो, २०१४ मध्ये ३.१४१५९२६५ होतं, २०२१ मध्ये त्याच्यापुढे एक ३ लागला. टेक्स लिहिणाऱ्या डोनाल्ड क्नूथ यांनी सांगूनच ठेवलंय की ते गेल्यावर व्हर्जनचा आकडा पाय करून टाका आणि उरलेले बग म्हणजे फीचर समजा. या माणसासमोर "शेवटचा रिलीज कधी" हा कॉलम धरून बघा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं तर तिसरंच, रिलीज वर्षातून बऱ्याचदा येतात, पण डेटाबेसचा फाइल फॉरमॅट २००४ पासून जुन्याशी जुळवून ठेवलाय आणि २०५० पर्यंत सपोर्ट करायचा त्यांचा इरादा जाहीर आहे. २०५०! आमच्या इथे पुढच्या क्वार्टरचा रोडमॅप ठरेना.

वेळापत्रक म्हणून मला विचाराल तर सगळ्यात शहाणं पोस्टग्रेस या डेटाबेसचं. मोठं व्हर्जन वर्षातून एकदा, बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट. आणि दुरुस्तीचे छोटे रिलीज तिमाहीला, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, त्या महिन्याचा दुसरा गुरुवार. छोट्या रिलीजमध्ये नवीन फीचर नाही म्हणजे नाही, बायनरी बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं, डेटा डंप करून परत भरायची भानगड नाही. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर चार गुरुवार मार्क करून ठेवू शकतो आणि क्लायंटकडून डाउनटाइमची परवानगी आधीच काढू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकदा गडबड झाली, १४ तारखेच्या रिलीजमध्ये एका आतल्या स्ट्रक्चरचा साइज बदलला आणि आधी कंपाइल केलेली काही एक्सटेन्शन त्याने अडचणीत आली, तर त्यांनी पुढच्या तिमाहीची वाट न बघता २१ तारखेला वेगळा रिलीज काढला. नियम पाळायचा कधी आणि मोडायचा कधी, दोन्ही कळतंय. अशा प्रोजेक्टवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

एक तक्रार मात्र आहे आणि ती सगळ्यांबद्दल आहे. या लोकांनी कॅलेंडर असं का केलंय? ऑगस्टमध्ये गो, सप्टेंबरमध्ये जावा आणि एक्सकोड, मग पोस्टग्रेस, ऑक्टोबरमध्ये पायथन आणि उबुंटू, त्याच महिन्यात नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या टूलचं) सम नंबरचं व्हर्जन एलटीएस होतं, नोव्हेंबरमध्ये पीएचपी आणि डॉटनेट, आणि उरलंसुरलं म्हणून रुबी पंचवीस डिसेंबरला. म्हणजे गणपती बसल्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत आणि तिथून नाताळपर्यंत नुसती अपग्रेडची तिकिटं. नोड १६ चा सपोर्ट तर एप्रिल २०२४ पर्यंत सांगितला होता, पण त्याच्या आतलं ओपनएसएसएल १.१.१ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) स्वतःच ११ सप्टेंबर २०२३ ला संपणार होतं म्हणून नोडनेही तीच तारीख धरली. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. आधी वर्षभर सूचना दिलेली होती, नाही असं नाही, पण आधी दिलेली सूचना कोण वाचतं, आमच्या क्लाउडवाल्यांचा लाल रंगाचा ईमेल आला तेव्हा सगळे हलले आणि निम्मी टीम गावाला.

पायथनचं वर्षाला एक हे २०२० पासून, ३.९ पासून, त्याआधी साधारण दीड वर्ष लागायचं. मला ते दीड वर्ष बरं वाटायचं. कारण प्रत्येक ऑक्टोबरला जुनं काहीतरी उडवलं जातं, ३.१२ मध्ये पॅकेज बांधायचं डिस्टयूटिल्स गेलं आणि ज्यांच्या सेटअप फाइल त्यावर होत्या त्या सगळ्यांचे बिल्ड फुटले, ३.१३ मध्ये सीजीआयसकट एकोणीस मॉड्यूल एकदम काढली. आधीपासून इशारे होते, मान्य. पण इशारे टर्मिनलमध्ये येतात आणि टर्मिनलमधले पिवळे इशारे वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. सर्व्हरवरची ॲप सांभाळणाऱ्या कुबरनेटिसवाल्यांनी मात्र उलटं केलं, वर्षाला चार रिलीज होते ते २०२१ मध्ये तीन केले, आणि मला वाटतं त्यांच्या निर्णयाचं तेव्हा जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. वापरणारे लोक मागे पडतायत, करणारेही दमतायत, तर कमी करू, एवढं सरळ. सपोर्ट सुमारे चौदा महिने असल्याने तरीही धावावं लागतंच म्हणा.

एआयवाली कोडिंग टूल यात कुठे बसतात विचारू नका. काहींचे आठवड्यात अनेक रिलीज असतात, सकाळी उघडलं तर एक, जेवून आलं तर दुसरं, काल शिकलेला शॉर्टकट आज दुसरीकडे. शीटमध्ये सगळी हिरवीगार. मी त्यांचे चेंजलॉग वाचणं सोडून दिलंय.

आता तो मुद्दा ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. "वरचेवर अपडेट म्हणजे सुरक्षित" हे वाक्य. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहायच्या लायब्ररीत सुरक्षेची भानगड झाली तेव्हा २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ असे चार रिलीज एका महिन्यात आले, आणि पहिला टाकून झोपायला गेलं की दुसऱ्याची बातमी. तिथे ताबडतोब अपडेट करणं भागच होतं, त्यात दुमत नाही. पण लॉगफोरजे त्याआधी महिन्याला रिलीज देतं की वर्षाला, याचा काय संबंध होता? भगदाड पडल्यावर कोणीतरी रात्र जागून ते बुजवतंय का, हे महत्त्वाचं होतं.

आणि दुसरी बाजू एक्सझेडची. ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. डेटा कॉम्प्रेस करायची छोटीशी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, सांभाळणारा एकटा माणूस, तोही फावल्या वेळात. २०२२ मध्ये काही नावं येऊन त्याच्यामागे लागली, पॅच पडून राहतात, रिलीज वेळेवर येत नाही, प्रोजेक्ट ढेपाळलंय, दुसऱ्या कोणाला तरी मेंटेनर करा. त्या माणसाने सांगितलं की तब्येतीच्या अडचणी आहेत आणि हे बिनपगारी काम आहे, तरी टोचणी चालूच. मग मदतीला आलेल्या एका चुणचुणीत माणसाला हळूहळू अधिकार मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ आलं, दोन्हीत एसएसएचमधून (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीतून) आत शिरायचं चोरदार लपवलेलं. ते सापडलं कसं तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत गेला, २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. जे वाचले ते कोण? डेबियन या लिनक्सच्या स्टेबलवर बसलेले, ज्यांना "तुमची पॅकेजेस किती जुनी" म्हणून चिडवलं जातं, त्यांच्याकडे ५.४ होतं. सापडले ते डेबियनचं टेस्टिंग आणि अनस्टेबल, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचं रॉहाइड, सगळ्यात पुढे धावणारे.

त्या मार्चमध्ये कोणी शीट बनवली असती तर एक्सझेडची रो हिरवी असती. नवीन मेंटेनर, दोन महिन्यांत दोन रिलीज, एकदम जिवंत प्रोजेक्ट. आणि त्याच्या आधीच्या दोन वर्षांत जी टोचणी चालली होती ती नेमकी आपल्या लाल रंगाच्या कॉलमचीच भाषा होती, शेवटचा रिलीज कधी आला, एवढा उशीर का.

म्हणून मी आता विचारते ते वेगळं. पुढची तारीख कुठे लिहिलीये? जुन्याचा शेवट कधी, तेही लिहिलंय का? छोट्या आकड्याच्या अपडेटने आमचा कोड न मोडायचा नियम आहे की नाही, कारण टाइपस्क्रिप्ट ही भाषा उघडच सांगते की आम्ही सेमव्हर, म्हणजे नेमका हाच नियम, पाळत नाही, त्यांच्या ५.३ वरून ५.४ ला जाताना एरर येऊ शकतात, आणि ते आधी सांगितलं असल्यामुळे मला राग येत नाही. किती माणसं सांभाळतात, त्यांना कोणी पैसे देतं का. या सगळ्याला रंग लावता येत नाहीत, वाचत बसावं लागतं, म्हणून शीटमध्ये येत नाही.

आमच्या फ्रंटएंडच्या रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) "एनपीएम आउटडेटेड" ही जुनी झालेली पॅकेजेस दाखवणारी कमांड चालवली की अर्धी स्क्रीन लाल आणि अर्धी पिवळी होते. लाल म्हणजे तुम्ही दिलेल्या रेंजमध्येच नवीन आहे, घेऊन टाका, पिवळं म्हणजे रेंजच्या बाहेरचं, विचार करून घ्या. पूर्वी लाल दिसलं की हात शिवशिवायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या रोजच्या पॅकेजेसच्या मेंटेनरला फसवा ईमेल पाठवून कोणीतरी त्यांची विषारी व्हर्जन एनपीएमवर टाकली, काही तासांत ती पकडली गेली, पण त्या काही तासांत ज्यांनी इमानेइतबारे अपडेट केलं त्यांना प्रसाद मिळाला. पॅकेज इन्स्टॉल करायच्या पीएनपीएम या टूलमध्ये त्याच सुमारास एक सेटिंग आलं, पॅकेजचं व्हर्जन बाहेर पडून ठरावीक वेळ झाला असेल तरच ते इन्स्टॉल करायचं. आकडा मिनिटांत द्यायचा असतो, आम्ही १००८० ठेवलाय, म्हणजे आठवडा. तातडीचा सिक्युरिटी फिक्स असला तर त्या एका पॅकेजचं नाव वगळायच्या यादीत टाकायचं, पुल रिक्वेस्टमध्ये (कोड बदलायच्या विनंतीत) कारण लिहायचं आणि दुसऱ्या कोणाकडून तरी बघून घ्यायचं, एवढंच. आणि हो, हे सेटिंग वर्कस्पेसच्या वायएएमएल फाइलमध्ये टाका.